लघुउद्योगांचे क्रय व दीर्घकालीन स्वामित्व

चालू स्थितीतील लहान कारखाना, कर्मशाळा वा दुकान विकत घेऊन ते पुनर्विक्रीच्या लाभासाठी नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या उत्पन्नासाठी स्वतःकडे राखण्याची व्यवसायपद्धती. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या पट्ट्यात तिची दोन भिन्न रूपे शेजारी शेजारी आढळतात.

उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धकालीन कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविले. त्यास हे नाव ८ ऑगस्ट १९४९ रोजी मिळाले. येथील धंदे बव्हंशी कौटुंबिक. अशा धंद्याचा वहीतील नफा फसवा असतो, कारण त्यात घरच्या माणसांची न दिलेली मजुरी मिसळलेली असते. समजा, वार्षिक नफा १२ लाख रुपये आहे. मालक व त्याचे दोन नातलग ह्यांचे योग्य वेतन ७·५ लाख आणि यंत्रांचा घसारा १·५ लाख वजा केल्यास खरा नफा ३ लाखच उरतो. किमतीचा हिशेब ह्या आकड्यावर करावा; बहुतेक खरेदीदार तो पहिल्या आकड्यावर करतात.

ख्यातिमूल्य, ज्यास व्यापारी गुडविलच म्हणतात, ते भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार विरुद्ध करार नसल्यास संस्थेच्या मालमत्तेत मोडते. ते विकल्यावरही विक्रेत्यास तोच धंदा शेजारी काढता येतो. मात्र जुने नाव वापरता येत नाही व जुनी गिऱ्हाइके ओढता येत नाहीत. स्पर्धा टाळावयाची असल्यास मुदत व क्षेत्र वाजवी ठेवून तसा स्वतंत्र करार करावा लागतो. जागेच्या हक्काची छाननीही आवश्यक आहे. शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास कायदा करावा लागला, ह्यावरून प्रश्नाची व्याप्ती कळते.

अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत जमीन विकत मिळत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (स्थापना १९६२) भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते व हस्तांतरास त्याची संमती आणि शुल्क लागते. पट्ट्याची उरलेली वर्षे दीर्घकाळ राखणाऱ्याने प्रथम मोजावीत. कामगारांबाबत १९५७ च्या दुरुस्तीने आलेले तत्त्व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे : सेवा अखंड धरली, अटी कमी अनुकूल केल्या नाहीत आणि पुढील कपातीच्या वेळी आधीची सेवा मोजण्याचे दायित्व नव्या मालकाने घेतले, तर भरपाई द्यावी लागत नाही; अन्यथा द्यावी लागते. कुशल कारागीर टिकविणे हे कायद्यापलीकडेही खरेदीदाराच्याच हिताचे असते, कारण लहान कारखान्यातील प्रक्रियेचे ज्ञान क्वचितच लिहून ठेवलेले असते.

रासायनिक कारखान्यांत सर्वांत मोठे दायित्व ताळेबंदात दिसत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरून उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून जल प्रदूषण अधिनियम, १९७४ खालील संमतिपत्र, सांडपाण्याच्या नोंदी व आवारातील मातीची तपासणी किंमत ठरण्यापूर्वी व्हावी, नंतर नव्हे.