विश्लेषण : बँडसाठी साधा ट्रान्झिस्टर गिटार ॲम्प पुरेसा का? वॉटचा आकडा कुठे फसवतो?

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम जवळ येऊ लागला की नवे बँड जमू लागतात. ड्रमर सापडतो, तासाच्या भाड्यावर सरावाची खोली मिळते, गाणीही ठरतात. मग पहिल्याच सरावात लक्षात येते की गिटार ऐकूच येत नाही. घरी शेजाऱ्यांच्या तक्रारी येईपर्यंत वाजणारा ॲम्प इथे पुरा उघडला तरी झांजांच्या आवाजाखाली गडप होतो. मग नवा ॲम्प घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानातला विक्रेता वॉट सांगतो, मित्र ‘व्हॉल्व्हचाच घे’ म्हणतो आणि घरचे बजेट विचारतात. या तिघांच्या मधोमध उभ्या असलेल्या गिटारवादकाने नेमके काय पाहावे?

घरी दणदणीत, सरावात मुका, असे का?

घरात आपण एकटेच वाजवत असतो. बँडमध्ये गाठ पडते ती ड्रमसेटशी. छोट्या बंद खोलीत ड्रमचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि त्याला आवाज कमी करण्याचे बटण नसते. बाकी सगळ्यांना त्याच्या पातळीपर्यंत यावे लागते. प्रस्तुत लेखकाचा पहिला ॲम्प १५ वॉटचा आणि आठ इंची स्पीकरचा होता. पहिल्या सरावात तो पुरा उघडला, तेव्हा सूर मोठा झाला नाही, नुसता फाटला. ड्रमरने सहानुभूतीने काठ्या बदलून पाहिल्या, पण फरक पडला नाही.

दुसरे कारण टोनच्या बटणांत दडलेले असते. एकट्याने वाजवताना खर्ज आणि तार वाढवून मधला पट्टा कमी केला, की गिटार भरदार आणि चकचकीत वाटते. बँडमध्ये मात्र खाली बास गिटार आणि पायाचा ड्रम असतो, तर वर झांजा. गिटारला मोकळी जागा उरते ती मधल्या पट्ट्यातच, आणि तोच आपण कापलेला असतो. नवा ॲम्प घेण्याआधी जुन्या ॲम्पचे मिडल बटण वाढवून आणि बास बटण कमी करून एक सराव करून पाहावा. काहींचा खर्च इथेच वाचतो.

मग वॉट किती हवेत?

खरी गल्लत इथे होते. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला, असे नसते. वॉट दुप्पट केल्यावर पातळी फक्त तीन डेसिबलने वाढते. हा फरक कानाला जाणवतो, पण फार मोठा वाटत नाही. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे ५० वॉटऐवजी १०० वॉटचा ॲम्प घेताना बरेच जास्त पैसे मोजून हाती पडतात ते तीन डेसिबल.

व्हॉल्व्हचा २० वॉटचा ॲम्प बँडला पुरतो आणि ट्रान्झिस्टरचा २० वॉटचा कमी पडतो, हा अनुभव मात्र खरा आहे. वॉट दोन्हीकडे तेच असतात, फरक मर्यादा ओलांडल्यावर पडतो. व्हॉल्व्ह मर्यादेपाशी आला की सूर हळूहळू दाबला जातो, किंचित खरखरीत होतो आणि कानाला अधिक मोठा व भरदार वाटतो. वादक तिथेच रेंगाळतो. ट्रान्झिस्टरच्या पॉवर विभागाची मर्यादा आली की ध्वनिलहरीचा माथा एकदम सपाट कापला जातो आणि तो आवाज बोचतो. म्हणून ट्रान्झिस्टर ॲम्प कधीच शेवटापर्यंत न्यावा लागू नये, एवढी शिल्लक ताकद त्यात हवी. ड्रमरसोबत वाजवायचे तर ५० ते ६० वॉटपासून सुरुवात करावी. स्वच्छ, न फाटणारा सूर लागणाऱ्यांनी १०० वॉटपर्यंत जावे. त्यापुढे पैसे घालवण्याचे कारण सहसा नसते.

पेटीवर लिहिलेले वॉट खरे असतात का?

असतात, पण अटीवर. ट्रान्झिस्टर ॲम्प किती ओहमच्या स्पीकरला जोडला आहे, यावर त्याची ताकद ठरते. ‘चार ओहमला ६० वॉट’ असे लिहिलेल्या ॲम्पच्या आत आठ ओहमचा स्पीकर असेल, तर प्रत्यक्षात मिळणारे वॉट बरेच कमी असतात. बाहेरचा जादा स्पीकर जोडल्यावरच तो आकडा गाठला जातो. मात्र मागे लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमीचा भार टाकला, तर पॉवर ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात. मंडपातल्या कामात चालते म्हणून कुणी दोन-तीन स्पीकर एकाच वायरीवर लटकवत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.

वॉटपेक्षा दुर्लक्षित आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, हे तो सांगतो. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर असेल, तर तीन डेसिबल फुकट मिळाले, म्हणजेच वॉट दुप्पट केल्याचा परिणाम साधला. बँडसाठी बारा इंची स्पीकर घ्या असे जुने वादक सांगतात, ते उगाच नाही. मोठा स्पीकर जास्त हवा हलवतो आणि खालचे सूर न गुदमरता देतो. ४० वॉट आणि चांगला बारा इंची स्पीकर हा संच ६० वॉट आणि हलक्या आठ इंची स्पीकरला सहज मागे टाकू शकतो.

व्हॉल्व्हपेक्षा ट्रान्झिस्टर हलका, हा समज कुठून आला?

इतिहासातून. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९६६ मध्ये ट्रान्झिस्टर ॲम्पची मोठी मालिका आणली. तेव्हाचे ट्रान्झिस्टर उष्णता सोसत नव्हते, ॲम्प बंद पडत, आवाजही वादकांना रुचला नाही. काही वर्षांतच ती मालिका गुंडाळावी लागली. पहिल्या पिढीची ही बदनामी पुढच्यांना चिकटली.

तिला उत्तर मिळाले जपानमधून. रोलँड कंपनीचा जॅझ कोरस म्हणजेच जेसी-१२० हा ॲम्प १९७५ मध्ये आला. ६० वॉटचे दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर, बारा इंची दोन स्पीकर आणि त्या दोहोंच्या खेळातून तयार होणारा कोरस हा तरंगता परिणाम, अशी त्याची रचना. त्यातला कोरस इतका आवडला की पुढच्याच वर्षी तो बॉसच्या सीई-१ या पेडलच्या रूपात वेगळा विकायला आला. द पोलीसचे अँडी समर्स आणि द क्युअरचे रॉबर्ट स्मिथ यांच्या सुरात हा ॲम्प आहे. मेटॅलिकासारख्या कर्कश बँडनेही स्वच्छ सुरांसाठी तोच वापरला. पन्नास वर्षांनंतरही हा ॲम्प बनतो आणि जगभरच्या मंचांवर भाड्याने मिळतो. ब्लूजचे बी. बी. किंग यांनी लॅब सिरीज एल-५ हा ट्रान्झिस्टर ॲम्प दीर्घकाळ वापरला. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलचा कडक मेटल आवाजही रँडलच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून आला. तेव्हा ‘ट्रान्झिस्टर म्हणजे शिकाऊ’ हे वाक्य ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

व्हॉल्व्हचा सूर गोड असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा खर्च एकदाच होत नाही. व्हॉल्व्ह झिजतात आणि ठरावीक काळाने बदलावे लागतात. जगात ते बनवणारे कारखाने मोजकेच उरले असून प्रमुख उत्पादन रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये होते. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियातून होणारी निर्यात अडकली, तेव्हा व्हॉल्व्हचे भाव भडकले आणि जगभर टंचाई जाणवली. पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्या वादकाने ॲम्प निवडताना हेही हिशेबात धरावे.

‘साधा’ म्हणजे नेमका कसा?

एक चांगला स्वच्छ चॅनल, बास-मिडल-ट्रेबलची तीन वेगळी बटणे, जमल्यास रिव्हर्ब. नुसते ‘टोन’ असे एकच बटण असलेला ॲम्प बँडला पुरत नाही, कारण वर सांगितलेला मधला पट्टा हाताशी हवा. खरखरीत सूर हवा असेल तर तो पेडलमधून घ्यावा. पेडल बदलता येते, आवडले नाही तर विकता येते. ॲम्पच्या आतला स्वस्त डिस्टॉर्शन चॅनल मात्र आयुष्यभर गळ्यात पडतो. डिले-कोरस वापरणाऱ्यांना मागे इफेक्ट्स लूपची दोन भोके असली तर बरे.

सध्या दुकानांत मॉडेलिंग ॲम्प जास्त दिसतात. त्यांचाही पॉवर विभाग ट्रान्झिस्टरचाच असतो, पण सूर चिप घडवते. घरच्या सरावाला ते झकास आहेत. मंचावर, दोन गाण्यांच्या मधल्या वीस सेकंदांत, अंधारात, कुठल्या बँकेत कुठला आवाज साठवला होता हे शोधताना मात्र घाम फुटतो. दुरुस्तीचा प्रश्नही आहेच. जुन्या पद्धतीच्या साध्या ॲम्पमध्ये पॉट, जॅक, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर हेच बिघडते, आणि तालुक्याच्या गावी लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीरही ते बदलू शकतो. चिपचा बोर्ड गेला तर अख्खा बोर्ड मागवावा लागतो.

मोठ्या मंचावर माइक लावतातच, मग मोठा ॲम्प कशाला?

मोठ्या मंचावर खरोखर नकोच. तिथे ॲम्पने फक्त बँडपुरते ऐकू जायचे असते. प्रेक्षकांपर्यंत सूर नेणे हे मिक्सर सांभाळणाऱ्याचे काम. पण नव्या बँडचे बहुतेक कार्यक्रम वर्गात, छोट्या सभागृहात, सोसायटीच्या आवारात होतात. तिथे मिक्सरमध्ये गायकाचा माइक आणि कीबोर्ड एवढेच जाते. म्हणून स्वतःच्या जोरावर ड्रमला तोंड देणारा ॲम्प हवा. मागे लाइन आउट असेल तर सोय होते, मात्र त्यात स्पीकरसारखा सूर घडवणारी व्यवस्था आहे का, हे विचारावे. गिटारचा स्पीकर सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचे बरेचसे गाळून टाकतो. ती गाळणी नसेल तर थेट मिक्सरमध्ये गेलेला खरखरीत सूर माशी घोंगावल्यासारखा लागतो.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. जमिनीवर ठेवलेला ॲम्प वादकाच्या पोटऱ्यांना ऐकवत असतो. तार सूर स्पीकरच्या समोर अरुंद झोतात जातात. त्यामुळे जवळ उभ्या असलेल्या वादकाला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलून कलता करा.

जुना घेताना काय तपासावे?

साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा सौदा सेकंड हँड बाजारातच चांगला जमतो. बटणे फिरवताना होणारी खरखर किरकोळ असते, ती साफ करून जाते. आवाज शून्यावर असतानाही मोठी गुणगुण येत असेल तर फिल्टर कपॅसिटर थकले असावेत. जाड ई तार मोठ्या आवाजात वाजवावी. स्पीकर घासत असेल तर तो तिथेच कळतो. अर्धा तास ॲम्प चालू ठेवून पुन्हा वाजवावा, कारण काही बिघाड तापल्यावरच बाहेर येतात. परदेशातून आलेला ॲम्प असेल तर मागची व्होल्टची पट्टी आधी वाचावी. अमेरिकेतला १२० आणि जपानमधला १०० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला, तर पहिलेच सादरीकरण धुराचे होते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो ॲम्पच्या आवाजाच्या वॉटवरून नव्हे, तर मागे लिहिलेल्या वीजवापरावरून घ्यावा.

अर्थिंगचा धोका किती खरा?

जिवावर बेतण्याइतका. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा वायरीतून ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. गायकाचा माइक मिक्सरच्या अर्थिंगशी जोडलेला असतो. दोन्ही वेगवेगळ्या सॉकेटवर असतील आणि एकाची अर्थिंग सदोष असेल, तर हात तारांवर असताना ओठ माइकला लागताच मधला मार्ग वादकाच्या शरीरातून जातो. स्टोन द क्रोजचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मृत्यू झाला.

गुणगुण कमी होते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची, किंवा दोन पिनांचा जोड लावण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. ती कधीही करू नये. ॲम्प, पेडल आणि मिक्सर शक्यतो एकाच अर्थिंग असलेल्या जोडणीवरून घ्यावेत. सरावाची खोली असो वा मंडप, सॉकेटची अर्थिंग विजेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि माइकला ओठ लागताच किंचितही झिणझिण्या आल्या तर वाजवणे थांबवून आधी मुख्य बटण बंद करावे.