भेग कुठे अडते?

१६ जानेवारी १९४३. अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे कोरं करकरीत तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. वादळ नाही, टक्कर नाही, पाणी संथ. अचानक प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध चिरलं. भेग डेकवरून दोन्ही अंगांनी खाली धावली. तळाचे पत्रे तेवढे टिकले.

जहाजाचं अंग म्हणजे पत्र्यांचे पट्टे. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत पत्र्याला पत्रा जोडत गेलेल्या अशा एका पट्ट्याला स्ट्रेक म्हणतात. तळापासून डेकच्या काठापर्यंत ते एकावर एक चढत जातात. सगळ्यात वरचा तो शिअर स्ट्रेक. जहाजाचं पोट लाटेच्या माथ्यावर आलं की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि सर्वाधिक ओढ बसते ती डेकला आणि या पट्ट्याला.

पूर्वी हे पट्टे काठाशी एकमेकांवर चढवून रिव्हेटांनी जोडत. पत्रा तडकला तरी भेग बहुधा त्याच्या काठाशीच अडायची. पलीकडचा पत्रा वेगळा असायचा. युद्धाच्या घाईत वेल्डिंग आलं. काम झपाट्यानं होऊ लागलं, पोलाद वाचलं. एकट्या लिबर्टी प्रकारची २,७१० मालवाहू जहाजं बांधून झाली. पण पट्टे एकजीव झाले आणि भेगेला अडवणारा काठच उरला नाही.

आधी वेल्डिंगवर बोट ठेवलं गेलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र पोलादच तपासायला घेतलं, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम ते हेच. ठरावीक तापमानाखाली ते पोलाद वाकत नाही, ताणलं जात नाही, थेट फुटतं. त्यात डेकवरच्या हॅचचे चौकोनी कोपरे ताण एका जागी गोळा करत. भेग तिथे जन्मायची आणि थंडीत सुसाट सुटायची.

उपाय म्हणून कोपरे गोलाकार केले. डेकच्या काठालगत लांब चिरा पाडून त्यांवर पोलादी पट्ट्या बसवल्या, त्याही रिव्हेटांनी. आता रिव्हेट गेले, पण ती अडवणूक कायम आहे. २५० मीटरांहून लांब जहाजांच्या मध्यभागात तळाच्या वळणावरचा बिल्ज स्ट्रेक किमान ‘डी’ दर्जाच्या, तर शिअर स्ट्रेक ‘ई’ दर्जाच्या चिवट पोलादाचा लागतो. ‘ई’ दर्जाचा नमुना उणे ४० अंश सेल्सिअसला हातोड्याचा घाव घालून तपासतात.