आधी डबा, मग भाग

बँकेच्या काउंटरखाली किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये डेलचा गोल शिक्का असलेला काळा डबा तुम्ही पाहिला असेल. त्याच घराण्यातला ऑप्टिप्लेक्स ७०१० हा २०१२ साली बाजारात आला. कंपन्या आपली यंत्रं काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. मग हे डबे लॉटने व्यापाऱ्यांकडे जातात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये एकेक करून विकले जातात. कमी पैशात घरचा डेस्कटॉप उभा करायचा असेल, तर हा डबा आजही विचारात घेण्यासारखा आहे. मजबूत बांधणी, खटका ओढला की उघडणारं झाकण आणि सुट्या भागांची रेलचेल ही त्याची जमेची बाजू.

खरी गडबड होते ती भाग निवडताना. जुन्या बाजारात ‘बसतं’ आणि ‘चालतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोसेसरपासूनच बघा. ७०१० चं सॉकेट एलजीए ११५५. त्यात इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर चालतात. त्याआधीच्या ऑप्टिप्लेक्स ७९० लाही हेच सॉकेट आहे, पण त्याचा क्यू६५ चिपसेट तिसऱ्या पिढीला दाद देत नाही. चिप सॉकेटमध्ये चपखल बसते आणि डिस्प्ले मात्र येत नाही. ७०१० मध्ये क्यू७७ चिपसेट असल्याने हा प्रश्न येत नाही. त्यात आय५-३४७० पुरेसा आहे. आय७-३७७० म्हणजे चैन. मात्र नावाच्या शेपटाकडे लक्ष हवं. आय५-३४७० ला चार कोअर आहेत, तर आय५-३४७०टी ला दोनच. एका अक्षरात निम्मा प्रोसेसर जातो.

रॅमचंही तसंच. ७०१० ला डीडीआर३ लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही, म्हणजे तिथे फसायची भीती नाही. भीती आहे ती सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त डीडीआर३ ची, कारण ती स्लॉटमध्ये नीट बसते. स्टिकवरचं लेबल वाचा. पीसी३-१२८०० च्या पुढे ‘यू’ असेल तर घ्या, ‘आर’ असेल तर ती रजिस्टर्ड रॅम आहे, ठेवून द्या. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी आठ जीबीची स्टिकही इथे कामाची नाही. मिनी टॉवर आणि एसएफएफ या दोन्ही आकारांत चार स्लॉट आहेत आणि मर्यादा ३२ जीबीची. घरच्या कामाला चार-चारच्या दोन स्टिक पुरतात. जोडीने लावल्या तर वेगही मिळतो.

मग येतो एसएमपीएस, आणि ग्राफिक कार्डाचं सगळं गणित त्याच्यापाशी अडतं. मिनी टॉवरमध्ये तो २७५ वॉटचा, एसएफएफमध्ये २४० चा. कार्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. म्हणून ज्याला वेगळी वायर लागत नाही असंच कार्ड शोधायचं. एनव्हिडियाचं जीटी १०३० ३० वॉटवर चालतं, जीटीएक्स ७५० टीआय ६० वर. एसएफएफमध्ये कार्ड बुटकं, म्हणजे लो प्रोफाइल हवं, पट्टीसकट. नाहीतर झाकण लागणार नाही. मिनी टॉवरला २४ पिनांचा नेहमीचा एसएमपीएस लावता येतो. पुढच्या ३०२० आणि ९०२० मध्ये डेलने आठ पिनांचा स्वतःचा कनेक्टर आणला, तिथे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही. कार्ड फार स्वस्त मिळत असेल तर जीपीयू-झेड चालवून बघा. बायोस बदलून जुनाट कार्ड १०५० टीआय म्हणून खपवण्याचे उद्योग झाले आहेत, आणि हा प्रोग्रॅम अशी बनावट कार्डं ओळखतो.

पहिला पैसा मात्र एसएसडीवर घाला, आणि ती नवी घ्या. साधी अडीच इंची साटा एसएसडी इथे सरळ चालते. बोर्डावर पूर्ण वेगाचे, सहा गिगाबिटचे साटा पोर्ट दोनच आहेत; एसएसडी त्यांपैकीच एकाला जोडा. एनव्हीएमईच्या मागे लागू नका. अडॅप्टरवर ती दिसते, पण या बायोसमधून तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही.

आता मर्यादा. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हा डबा घ्यायचा तर लिनक्स मिंटसारख्या प्रणालीची तयारी हवी. अभ्यास, पत्रव्यवहार, यूट्यूब, हिशेब हे सगळं तिच्यावर बिनबोभाट होतं. विंडोजच हवं असेल, तर ७०१० वर खर्च न करता थेट आठव्या पिढीचा डबा बघा. जाहिरातीत नुसतं ‘७०१०’ वाचून मात्र भुलू नका. डेलने हेच नाव २०२३ मध्ये नव्या मॉडेललाही दिलं आहे. डब्यावरचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकला की तो कोणता, आणि कारखान्यातून काय घेऊन निघाला, ते कळतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: एसएसडी, रॅम, आणि गरज पडलीच तर प्रोसेसर. ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी, तेही मिनी टॉवर असेल तरच. सुट्या भागांची बेरीज आठव्या पिढीच्या तयार डब्याच्या किमतीला भिडू लागली की हात आखडता घ्या. आणि कुठलाही जुना भाग आपल्याच डब्यात, दुकानदारासमोर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.