डाग दिसला, पण कळतो का?

सकाळी ७. राजूर मागे पडलं की शेंडीपर्यंत दोन्ही अंगांना पिकलेलं भात. कापणीचे दिवस आहेत, म्हणजे लोक लवकर येणार आणि लवकर शेतावर जाणार. भंडारदऱ्याच्या या पट्ट्यात त्वचेचं शिबिर घ्यायचं तर वेळ भाताच्या सोयीनेच ठरवावी लागते. पिशवीत हातात मावणारी दोन यंत्रं, डर्मोस्कोप आणि वुड्स लॅम्प. सोबत कापसाची पुडी.

८.३०. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे शाळेची खोली मोकळी. आशाताईंनी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्यात. वुड्स लॅम्पला काळोख लागतो. त्याचा साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की कोड खडूसारखं पांढरंफेक उजळतं आणि शिबं बहुधा पिवळसर दिसतं.

९.१५. पाठभर फिकट ठिपके आलेला मुलगा. घरात कोडाच्या धास्तीने कुणाला झोप नाही. दिव्याखाली ठिपके पिवळे दिसले. शिबं! ही बुरशी, मलमाने बरी होते. रंग सारखा व्हायला मात्र काही महिने लागतात, हे आत्ताच सांगून ठेवायला हवं. नाहीतर औषध लागू पडलं नाही म्हणून आई दुसरं काही आणून लावेल.

१०. वांग घेऊन आलेल्या बायांची रांग. आवणीपासून कापणीपर्यंत उघड्यावर काम. ऊन वांग वाढवतं, गरोदरपणातही ते येतं. पण मला खरी काळजी वाटते ती पदराच्या टोकाला बांधून आणलेल्या ट्यूबची. ‘गोरं करणारं’ म्हणून दुकानातून आणलेल्या या मलमात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, आणि मलम थांबवलं की आग होते. डर्मोस्कोपच्या दहापट भिंगाखाली गालावर तांबड्या रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसतं. मोबाइलवर फोटो काढून त्या ताईंनाच दाखवते. माझ्या बोलण्यापेक्षा तो फोटो जास्त पटतो. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ट्यूब इथवर पोचतेच. उपाय संथ आहे: डोक्यावर पदर किंवा टोपी, सनस्क्रीन, आणि तपासून दिलेलं औषध ठरावीक मुदतीपुरतं.

१२.१०. एक बाबा, दंडावर फिकट तांबूस चट्टा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून दाखवलाच नव्हता. दिव्याखाली कोडासारखा उजळला नाही. आता कापूस. “बाबा, डोळे मिटा, स्पर्श होईल तिथे बोट लावा.” चांगल्या कातडीवर बोट नेमकं लागलं. चट्ट्यावर कापूस फिरवला, बोट हललंच नाही. कोपराजवळची नसही जाड लागली. कुष्ठरोग. मी त्यांच्या शेजारी बसून सांगते की औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत आजार बरा होतो, आणि घरच्यांनी त्यांचं ताट वेगळं करायचं कारण नाही.

१.३०. भाकरी खाताना आशाताई नेमकी अडचण सांगतात. कुष्ठरोगाच्या गोळ्यांमधल्या क्लोफॅझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते आणि माणूस घाबरून औषध सोडतो. औषध संपल्यावर तो रंग हळूहळू उतरतो. हे आधीच सांगणारं माणूस गावात हवं, आणि ते काम आशाताई करतात.

३. ओठाजवळ कोड आलेली कॉलेजची मुलगी. तिने मोबाइलवर ‘ऑप्टे’ पाहिलंय. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडलेलं हे यंत्र सेकंदाला २०० छायाचित्रं टिपतं आणि १२० सूक्ष्म छिद्रांतून काळ्या डागावर नेमका रंग सोडतं. विलक्षण कारागिरी आहे, पण ती कोडासाठी नाही. कोडासाठी हातात धरायचा नॅरोबँड यूव्हीबी दिवा मिळतो. ब्रिटनमध्ये ५१७ जणांवर झालेल्या चाचणीत दिवा आणि मलम मिळून साधारण चौघांत एकाला चांगला फरक पडला. उपचार थांबल्यावर अनेकांचा रंग पुन्हा गेला. तिला हे सगळं सांगते. दिवा घ्यायचाच तर किती सेकंद धरायचा ते डॉक्टरांनी ठरवायचं, डोळ्यांवर चष्मा लावायचा.

४.३०. बाबांची चिठ्ठी राजूरच्या ग्रामीण रुग्णालयासाठी लिहून आशाताईंकडे देते. त्यांच्या घरच्या सगळ्यांची तपासणीही व्हायला हवी. घोंगड्या उतरल्या.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर फिकट वा तांबूस चट्टा असेल, तर त्या व्यक्तीने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने चट्ट्यावर कापूस फिरवून पाहावा. स्पर्श कळला नाही, तर कोणतंही मलम विकत आणू नका. त्याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. स्पर्श कळला तरी चट्टा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.