ब्रेक लावण्याची विद्या

राजुराहून रंधा धबधब्यावरून भंडारदऱ्याकडे मोटारीनें जाणाऱ्या कोणासही चालकाचें कौशल्य ओळखण्यास फार वेळ लागत नाहीं. वळण दिसूं लागतांच कुशल चालकाचा पाय ब्रेकवर येतो, गाडीचा वेग मंदावतो, आणि उतारूंना जाणवण्यापूर्वींच वळण मागें पडतें. अकुशल चालक मात्र वळणांत शिरेपर्यंत निश्चिंत असतो व मग दचकून ब्रेक दाबतो. उतारूंचीं कपाळें पुढच्या बाकावर आदळतात, टपावरील पाट्या सरकतात, आणि एखादी आजीबाई देवाचें नांव घेऊं लागते. दोघांच्याही गाडीचे ब्रेक सारखेच. भेद आहे तो पायांत, आणि पायाहूनही अधिक डोक्यांत.

हाच भेद हल्लीं आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आवडत्या एका खेळांत फार स्पष्ट दिसून येतो. तो खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खेळावयाची मोटारींची शर्यत. पालकांपैकीं पुष्कळांस हा केवळ वेळेचा अपव्यय वाटतो. आणि मर्यादा सुटली तर तो तसा आहेही. परंतु विचारपूर्वक खेळणारास त्यांत शिकण्याजोगी एक विद्या आहे, व ती म्हणजे योग्य वेळीं, योग्य जोरानें ब्रेक लावण्याची. त्या विद्येचीं मूलतत्त्वें सांगावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शर्यतीचे हे खेळ दोन जातींचे असतात. पहिल्या जातींत केवळ करमणूक असते. गाडी भिंतीवर आदळली तरी पुन्हा धांवूं लागते. दुसऱ्या जातीस सिम्युलेटर म्हणतात. त्यांत टायरची पकड, गाडीचें वजन, रस्त्याचा चढउतार या सर्वांचें गणित संगणक क्षणोक्षणीं करीत असतो, आणि गाडी खऱ्या गाडीसारखीच वागते. १९९७ सालीं जपानांत निघालेला ‘ग्रॅन टुरिस्मो’, २००८ सालीं सुरू झालेला ‘आय-रेसिंग’ व २०१४ सालचा ‘असेटो कोर्सा’ हे ह्या मार्गांतील प्रसिद्ध खेळ होत. त्यांतील अभ्यास अगदींच पोकळ नसतो, ह्यास प्रमाण आहे. यान मार्डेनबरो नांवाचा एक ब्रिटिश तरुण ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या खेळाडूंकरितां भरविलेल्या स्पर्धेंत २०११ सालीं विजयी झाला, आणि पुढें २०१३ सालीं फ्रान्समधील ले मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत खरी मोटार चालविण्यास उतरला. उलटपक्षीं, जे खरोखरीचे शर्यतपटु आहेत त्यांसही सिम्युलेटर सोडीत नाहीं. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला हा डिसेंबर २०२० मध्यें बहारीनमधील साखीर येथें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्या दर्जाच्या शर्यतींतील संघ आपल्या चालकांस मैदानावर उतरण्यापूर्वीं तासन् तास सिम्युलेटरवर बसवितात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. नवशिक्या खेळाडूस विचारा कीं शर्यत कशानें जिंकतां येते. तो तत्काळ उत्तर देईल, ‘वेगानें!’ परंतु सरळ रस्त्यावर पेडल तळापर्यंत दाबून ठेवणें कोणासही साधतें. तेथें थोर व सामान्य यांत भेद उरत नाहीं. भेद पडतो तो वळणापूर्वींच्या शंभर मीटरांत. म्हणूनच जाणते लोक म्हणतात कीं ज्यास फेरीचा वेळ कमी करावयाचा असेल, त्यानें प्रथम थांबावयास शिकावें.

येथें पदार्थविज्ञानाचा एक नियम ध्यानांत घेतला पाहिजे. गतिमान् वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट होते, व ती जिरविण्यास अंतरही चौपट लागतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी साधी मोटार पूर्ण ब्रेक लावल्यावर सुमारें १७ मीटरांत थांबते असें धरलें, तर ताशीं १२० किलोमीटर वेगाच्या त्याच मोटारीस सुमारें ७० मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ६० च्या वेगानें तेवढ्यांतच आणखी १७ मीटर निघून जातात. रस्ता ओला असेल व टायरची पकड निम्मी झाली असेल, तर ब्रेक लावल्यापासूनचें अंतर दुप्पट होतें. वर्गांत फळ्यावर लिहिलेलें हें समीकरण खेळाच्या पडद्यावर पहिल्याच वळणास आपला अर्थ समजावून देतें.

दुसरें तत्त्व टायरच्या पकडीचें. रस्त्यास चिकटून राहण्याची टायरची शक्ति अमर्याद नसते. ती एखाद्या गृहस्थाच्या ठरलेल्या मासिक मिळकतीसारखी समजावी. सर्व मिळकत धान्यावर खर्चिली, तर कपड्यांस कांहीं उरत नाहीं. दोहोंवर मिळकतीहून अधिक खर्च केला, तर कर्ज होतें. त्याचप्रमाणें टायरची सर्व पकड ब्रेकवर खर्च झाली, तर वळण्यास पकड उरत नाहीं. अशा वेळीं स्टिअरिंग कितीही फिरविलें, तरी गाडी नाकासमोर सरळच जाते. नवशिक्या म्हणतो, ‘गाडी वळत नाहीं’. वस्तुतः त्यानेंच वळण्याची ऐपत ठेविलेली नसते.

ब्रेक फारच जोरानें दाबला तर चाक फिरावयाचें थांबतें व टायर रस्त्यावर नुसता घासत जातो. पुष्कळांची अशी समजूत असते कीं चाक पूर्ण थांबलें म्हणजे गाडी लवकर थांबेल. हें खरें नव्हे. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड सर्वांत उत्तम असते ती चाक फिरत असतांनाच, पण गाडीच्या वेगापेक्षां दहा ते वीस टक्के मंद फिरत असतांना. चाक जखडण्याच्या अगदीं अलीकडची ही मर्यादा पायानें ओळखणें व तेथेंच पाय स्थिर ठेवणें, ही ह्या विद्येची पहिली पायरी. हल्लींच्या मोटारींत ए. बी. एस. नांवाची यंत्रणा चाक जखडूं देत नाहीं. खेळांतही ती चालू अथवा बंद ठेवतां येते. प्रारंभीं ती चालू ठेवावी. पाय तयार झाल्यावर बंद करून पाहावी.

तिसरें तत्त्व भाराचें. ब्रेक लागतांच उतारू जसे पुढें झुकतात, तसाच गाडीचा भारही पुढच्या चाकांवर जातो. पुढचे टायर रस्त्यावर दाबले जाऊन त्यांची पकड वाढते. मागचे हलके होतात. परंतु हा भार पुढें येण्यास क्षणभर अवकाश लागतो. ह्यास्तव ब्रेक लाथ मारल्यासारखा न दाबतां, पहिल्या क्षणीं भार पुढें येऊं द्यावा व लगेच पूर्ण जोर लावावा. वेग कमी होत जाईल तसतसा जोरही थोडा थोडा कमी करावा. आणि वळणाच्या मध्यें भिऊन एकदम ब्रेक कधींही दाबूं नये. मागचीं चाकें हलकीं होऊन गाडी भोंवऱ्यासारखी गरकन् फिरते.

चवथी गोष्ट सर्वांत कठीण, व तीच पुष्कळांस वर्षानुवर्षें उमगत नाहीं. ती म्हणजे ब्रेक सोडणें. ब्रेक दाबण्याकडे सर्वांचें लक्ष असतें, सोडण्याकडे कोणाचेंच नसतें. एकदम पाय काढला तर पुढें आलेला भार झटक्यासरशीं मागें जातो, आणि नेमक्या वळावयाच्या क्षणीं पुढच्या टायरांची पकड घटते. म्हणून डोक्यावरील भरलेली घागर जशी सांवकाश उतरवावी, तसा ब्रेक सांवकाश सोडावा. स्टिअरिंग जसजसें अधिक वळेल, तसतसा पाय अधिक वर यावा. मिळकतीच्या दृष्टान्तानें सांगावयाचें तर, धान्यावरचा एकेक रुपया कमी करून तो कपड्यांकडे वळवावा. एकूण खर्च मात्र मिळकतीएवढाच राहावा. शर्यतपटूंच्या मतें हातपायांचा हा मेळ ज्यास साधला, त्यास ब्रेक लावतां येऊं लागला असें समजावें.

साधनाविषयीं थोडेसें. बटणें दाबून खेळतांना ब्रेक एक तर पूर्ण लागतो नाहीं तर मुळींच लागत नाहीं. त्यामुळें वरील सूक्ष्म भेद शिकतां येत नाहींत. पायानें दाबावयाचें पेडल असल्यास उत्तम. साधें पेडल पाय किती अंतर खालीं गेला तें मोजतें. अधिक चांगलें पेडल पायाचा दाब किती पडला तें मोजतें, आणि खऱ्या ब्रेकशीं त्याचेंच साम्य अधिक. अंतरापेक्षां दाब लक्षांत ठेवणें पायास सोपें जातें. परंतु असलें साधन महाग असतें. त्यासाठीं कोणीं घरीं हट्ट धरूं नये. साध्या साधनावरही नियमित सरावानें पुष्कळ साधतें. पेडल मात्र जागेवरून सरकूं नये म्हणून भिंतीशीं टेकवून ठेवावें, आणि बसण्याची खुर्ची चाकांची नसावी.

आतां सरावाची रीत. एक गाडी, एक मार्ग व त्या मार्गावरील एकच वळण निवडावें. उदाहरणार्थ, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध शर्यतमार्ग घ्या. ५.१२५ किलोमीटर लांबीच्या ह्या मार्गावर २०११ ते २०१३ अशीं तीन वर्षें फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, व त्या वर्षांच्या खेळांतही तो होता. तिसऱ्या व चवथ्या वळणांच्या मध्यें एक किलोमीटरहून अधिक सरळ रस्ता आहे. तेथें फॉर्म्युला वनची मोटार ताशीं ३०० किलोमीटरहून अधिक वेगानें येते, आणि चवथ्या वळणासाठीं तिला तो बहुतेक सर्व वेग थोड्याच अंतरांत टाकावा लागतो. अशा ठिकाणीं रस्त्याच्या कडेची अंतराची पाटी किंवा दुसरी एखादी न हलणारी खूण हेरावी व तेथेंच ब्रेक लावावा. प्रथम मुद्दाम लवकर लावावा. गाडी सलग पांच फेऱ्या सुखरूप वळली, तरच ब्रेकची जागा पांच मीटर पुढें न्यावी. एकदां चुकलें तर पुन्हा मागें यावें. प्रत्येक वेळीं खूण, वळणांतील वेग व फेरीचा वेळ वहींत टिपून ठेवावा. आठवड्यानें ती वही पाहिली, म्हणजे असें दिसून येईल कीं सर्वांत उशिरां ब्रेक लावलेली फेरी बहुधा सर्वांत जलद नसते. ब्रेक किंचित् लवकर लावून, शांतपणें वळून, वळणांतून लवकर वेग घेतलेली फेरीच जिंकते. कारण वळणांतून बाहेर पडतांना मिळविलेला वेग पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर उपयोगी पडतो.

कित्येक खेळांत रस्त्यावर रंगीत रेघ दाखवितात. ती तांबडी झाली म्हणजे ब्रेक लावावयाचा. आरंभीं ती बरी. परंतु कायम तिच्याच आधारें खेळणें म्हणजे गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं पाहून लिहिण्यासारखें आहे. ती जितकी लवकर बंद कराल, तितके डोळे लवकर शिकतील. आणि दिवसाकाठीं अर्धा तास एकाग्रतेनें केलेला सराव तीन तासांच्या धांवपळीपेक्षां अधिक फळ देतो, हें सांगावयास नकोच.

येथवर खेळाचे गुण सांगितले. आतां जें खेळ शिकवीत नाहीं तें सांगितलें पाहिजे, आणि तेंच ह्या लेखांत सर्वांत महत्त्वाचें आहे. खुर्चीवर बसलेल्याच्या पोटांत गोळा येत नाहीं. गाडी घसरूं लागल्याची जी जाणीव खऱ्या चालकास शरीरानें होते, ती येथें डोळ्यांवरच भागवावी लागते. शर्यतीचा मार्ग स्वच्छ व एकाच दिशेचा असतो. आपल्या बारीच्या किंवा भंडारदऱ्याच्या रस्त्यावर समोरून एस. टी. येते, मध्येंच गुरें उभीं राहतात, भाताचा पेंढा पसरलेला असतो, आणि पावसाळ्यांत धुक्यानें दहा पावलांपलीकडचें दिसत नाहीं. लांबच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो व ऐन वेळीं लागेनासा होतो. म्हणून जाणता चालक खालच्या गिअरमध्यें उतरतो व इंजिनासच गाडी धरूं देतो. आणि सर्वांत मोठा भेद हा कीं, खेळांत चूक झाली तर एक कळ दाबून पुन्हा आरंभ करतां येतो. रस्त्यावर ती कळ नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर तुम्ही कितीही फेऱ्या जिंकल्या असल्या, तरी अठरा वर्षें पुरीं होऊन रीतसर परवाना हातीं येईपर्यंत वडिलांच्या मोटारसायकलीची किल्ली उचलण्याचा अधिकार त्यायोगें तुम्हांस मिळत नाहीं. पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानें वाहन चालवितांना केलेल्या गुन्ह्यासाठीं पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो, व त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो. परंतु कायद्याचें भय दुय्यम होय. घरीं वाट पाहणारी आई कायद्याहून मोठी आहे.

मग ह्या खेळांतून घ्यावयाचें तें काय? मला वाटतें, एवढेंच : पुढें पाहावें, वळण येण्यापूर्वीं निश्चय करावा, जोर लावावा तो हिशेबानें, आणि सोडावा तोही हिशेबानें. ज्यानें खेळांत हें शिकून घेतलें, तो उद्यां खऱ्या गाडीवर बसला म्हणजे इतरांपेक्षां अधिक वेगानें नव्हे, तर अधिक सांभाळून जाईल. कारण वेगाची किंमत त्यास इतरांपेक्षां अधिक नीट कळलेली असेल. ज्यास थांबतां येतें, त्याच्याच हातीं वेग शोभतो.