ताटाची डावी बाजू

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट, राजुरा मराठी मुलखात आले. उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्रात व २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा हलली, तरी तेथील मराठी घरांत ज्वारीची भाकरी आहे, आणि ताटाच्या डाव्या बाजूस कोशिंबिरीचा मानही आपल्यासारखाच. प्रश्न मानाचा नसून मापाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली कंदमुळांसह भाज्या व फळे यांना जवळजवळ अर्धे ताट दिले. आपण चमचाभरावर भागवतो.

ज्वारीतील लोह अंगी लागण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते आणि ते शिजवताना बरेचसे नष्ट होते. तेव्हा कच्च्या मुळ्यावर पिळलेले लिंबू ही केवळ रुचीची बाब नव्हे. गाजरातील कॅरोटीनला स्निग्धांश हवा. दाण्याचे कूट तो पुरविते.

नेम टिकावयाचा तर रोज एकच जिन्नस पुरे. आठवडी बाजारातील काकडी आधी संपवावी, गाजर-मुळा मागाहून. पुढे मोड आलेले मूग आहेतच. मीठ जेवावयास बसताना घालावे, नाहीतर पाणी सुटते. मात्र हे कामही गृहिणीच्याच माथी मारले, तर नेम आठवडाभरात मोडेल. विळी जमत नसेल, तर पुरुषांनी किसणी तरी हाती धरावी.