पहिल्या घंटेआधीची तयारी

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडल्या, की बालवर्गांच्या दाराशी दरवर्षी तेच दृश्य दिसते. पाठीवर नवे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, छातीवर पिनेने अडकवलेला रुमाल आणि आईची ओढणी घट्ट धरून हमसून हमसून रडणारे मूल. खरेदीची यादी महिनाभर आधीच पूर्ण झालेली असते. राहून जाते ती मुलाच्या मनाची तयारी.

बहुतेक सुशिक्षित घरांत 'तयारी' म्हणजे अक्षरे आणि अंक, असे समीकरण झाले आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून इंग्रजी वर्णमाला, रंगांची नावे, शंभरपर्यंतचे आकडे घोकून घेतले जातात. प्रवेशासाठी होणाऱ्या मुलाखतींच्या भीतीचा यात मोठा वाटा आहे. बालवर्गासाठी अशा चाचण्या व मुलाखती घेऊ नयेत, अशी शिफारस प्रा. यशपाल समितीने 1993 मध्येच केली होती. पुढे 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी बालकाची वा पालकांची चाळणी करण्यास मनाई केली. तरीही शेजारच्या मुलाला काय काय येते, ही धास्ती मात्र ओसरलेली नाही.

मुलाच्या शरीराची घडण या घाईशी जुळणारी नाही. मनगटात 8 छोटी हाडे असतात. तीन-चार वर्षांच्या मुलात त्यांतील बरीचशी अजून कूर्चेच्या अवस्थेत असतात. बोटांचे बारीक स्नायूही पुरते सुघटित झालेले नसतात. अशा हाताने रेघांच्या चौकटीत अक्षरे गिरवायची, तर पेन्सिल आवळून धरावी लागते, हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा मनात घर करतो. याउलट शेंगा सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे, मणी ओवणे, ओल्या वाळूत बोटाने रेघोट्या ओढणे या खेळांतून तोच हात आपसूक लेखनासाठी सिद्ध होतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र उभारले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर ते बहरले. परिसरातील पाने, बिया, खडे, शंख हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वयाची 3 ते 8 ही वर्षे पायाभूत टप्पा मानली असून, या टप्प्यात खेळ व कृतींतून शिकण्यावर भर दिला आहे.

मग घरी तयारी करायची ती कशाची? पहिली गोष्ट दिनक्रमाची. सुटीत रात्री उशिरा झोपणाऱ्या आणि सकाळी नऊला उठणाऱ्या मुलाला शाळेच्या पहिल्याच दिवशी सहाला उठवले, तर रडण्याचे अर्धे कारण अपुऱ्या झोपेतच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी आणि पडद्यासमोर बसण्याचा वेळ एका तासापेक्षा अधिक नसावा. शाळा उघडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे झोपण्याची व उठण्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटे अलीकडे आणली, तर हा बदल मुलाला जाचत नाही.

दुसरी गोष्ट स्वावलंबनाची. शी-शूची जाणीव होताच स्पष्ट शब्दांत सांगणे, चड्डी स्वतः खाली-वर करणे, हात धुणे, डबा उघडणे, बाटलीचे झाकण फिरवणे, चपला-बूट ओळखून घालणे ही कामे अक्षरओळखीपेक्षा अधिक गरजेची आहेत. वर्गात वीस-पंचवीस मुले असताना बाई प्रत्येकाजवळ तत्काळ पोहोचू शकत नाहीत. डब्याचे झाकण उघडत नाही म्हणून उपाशी राहिलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेचे नाव काढू देत नाही. म्हणून शाळेत न्यायचा डबा घरीच काही दिवस वापरावा. कपडेही बटणे-बंदांच्या गुंत्याचे नसावेत.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट निरोपाची. आई-बाबा नजरेआड झाले की ते परत येतीलच, याची खात्री मुलाला अनुभवातूनच पटते. त्यासाठी आधीच आजीकडे, मावशीकडे किंवा शेजारी तास-दोन तास ठेवण्याचा सराव करावा. जाताना सांगून जावे आणि सांगितल्या वेळी परतावे. मूल खेळात रमलेले पाहून गुपचूप पळ काढणे पालकांना सोयीचे वाटते, पण त्याने मुलाचा विश्वास तुटतो आणि पुढच्या वेळी मिठी अधिकच घट्ट होते. लहान मुलाला घड्याळ कळत नाही. 'अकरा वाजता येईन' याऐवजी 'गाणी झाली, डबा खाऊन झाला, की आजी दाराशी असेल' असे सांगितले, तर त्याला वाट पाहण्याचा मार्ग दिसतो. निरोप थोडक्यात, हसऱ्या चेहऱ्याने घ्यावा. दाराशी रेंगाळणारे आणि डोळे पुसणारे पालक मुलाला नकळत एकच सांगत असतात, की येथे भिण्यासारखे काहीतरी आहे.

'थांब, शाळेत गेलास की बाई बघतील तुझ्याकडे,' हे वाक्य घराघरांत सहज उच्चारले जाते. त्यातून शाळेची ओळख शिक्षेची जागा म्हणून होते. त्याऐवजी शाळेच्या रस्त्याने एक-दोन फेऱ्या माराव्यात, इमारत, झोपाळा, घसरगुंडी बाहेरून दाखवावी, शाळा-शाळा खेळताना मुलाला बाई होऊ द्यावे. घरची भाषा मराठी आणि शाळेची इंग्रजी असेल, तर पाणी हवे, शू लागली, पोट दुखते एवढे सांगणारे शब्द त्याला त्या भाषेतही द्यावेत. घरातील बोलणे, गोष्टी आणि बडबडगीते मात्र मराठीतच चालू ठेवावीत, कारण विचारांचे बोट मूल त्याच भाषेत धरते.

एवढे करूनही रडणे येतेच, आणि ते स्वाभाविक आहे. बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. या काळात अंगठा चोखणे, अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे असे मागे गेल्यासारखे वागणेही दिसते. त्यावर रागावू नये. मात्र महिना-दीड महिना उलटूनही रडणे तेवढेच राहिले, जेवण-झोप बिघडली किंवा मूल एखाद्या व्यक्तीचे वा जागेचे नाव काढताच घाबरू लागले, तर 'नाटक करतो' म्हणून सोडून देऊ नये. वर्गाच्या बाईंशी शांतपणे बोलावे आणि गरज भासल्यास बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

शाळेतून परतलेल्या मुलाला दारातच 'आज काय शिकवले?' असे विचारले जाते. त्याऐवजी 'आज कोणाशेजारी बसलास?' असे विचारून पाहावे. पहिल्या महिन्यात मुलाने एक मित्र, एक गाणे आणि आपले माणूस परत येते ही खात्री एवढे कमावले, तरी त्याची शाळा चांगली सुरू झाली असे समजावे. अक्षरे मागून येतात.